मला खोटे चालत नाही



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'दागिने आणि त्वचा' असे कळविले. त्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरलेला आम्ही पाहिला. त्यांचेही चुकले असे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्याख्यानपीठांवर तत्त्वज्ञान, इतिहास आणि अर्थकारण यांचीच मिरास आहे. त्या पीठावरून कानाच्या पाळीला सुटणाऱ्या खाजेबद्दल बोलायचे म्हणजे जरा धिटाईच. पण पुसदेत आज जितकी माणसे अर्थकारणाने गांजली आहेत, त्यांच्यात कानाची पाळी चिघळलेल्या, गळ्याला चट्टे पडलेल्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकींना आपल्याला काय झाले आहे ते कोणी नीट सांगितलेले नाही. म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येते. 'मला खोटं चालत नाही.' जत्रेतली कानातली घातली की दोन दिवसांनी पाळी लाल होते, पाणी सुटते, खपली धरते, आणि मग ती बाई हे वाक्य उच्चारते. घरातल्या पुरुषांना ते ऐकून हसू येते. खोटे चालत नाही म्हणजे सोने पाहिजे, असा त्याचा सरळ अर्थ ते लावतात. आमचे आजचे सारे म्हणणे असे की, ते वाक्य लाडिक हट्टाचे नसून रोगाच्या निदानाचे आहे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असते. फक्त त्यातल्या 'खोटे' या शब्दाचा अर्थ आपण तपासून घेतला पाहिजे.

आमच्या नात्यातल्या एका मुलीची हकीकत सांगतो. लग्न होऊन ती दिग्रसकडे गेली. सोन्याचे भाव आणि प्रवासातली चोरी या दोन्हींच्या धाकाने सासरच्यांनी तिला रोजच्या वापरासाठी 'वन ग्राम'चे मंगळसूत्र दिले आणि खरे कपाटात ठेवले. यात वावगे काही नाही. आज घरोघरी हेच चालते. चैत्र गेला, वैशाख आला, आणि तिच्या मानेमागे, जिथे फासा बसतो तिथे, रुपयाएवढा चट्टा उठला. मग तो गळ्याभोवती साखळीच्या रेघेने पसरला. कोणी म्हणाले उष्णता आहे, कोणी म्हणाले गजकर्ण आहे, औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आली, ती चोळली की चार दिवस बरे आणि पाचव्या दिवशी दुप्पट. मुलीने मंगळसूत्र काढून ठेवावे तर शेजारपाजार आहेच. सासू वाईट नव्हती, पण 'आजकालच्या पोरींची नाजूक कातडी' एवढे तीही बोललीच. शेवटी घरातल्या नव्वदीच्या आतेसासूने तिला जवळ बसवून मान पाहिली आणि सांगितले, 'काढ वं माय ते. तुह्या आंगाले खोटं चालत नाही.' एवढ्या डॉक्टरकीने अर्धे काम झाले. उरलेले अर्धे कसे झाले ते पुढे सांगू.

आता हे 'खोटे' म्हणजे काय ते पाहू. बाजारात मिळणारा नकली सोन्याचा दागिना उघडून पाहिला तर त्यात थरावर थर आढळतात. गाभा पितळेचा किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा. त्यावर बहुधा तांब्याचा हात. त्यावर निकेलचा हात. आणि सगळ्यांत वर सोन्याचा मुलामा, जो पुष्कळदा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. मधला निकेल कोणी फसविण्यासाठी घालत नाही. तांबे हळूहळू सोन्यात झिरपते आणि वरचा रंग काळवंडतो, ते निकेलचा थर अडवून धरतो. शिवाय चकाकी देतो आणि कठीणपणा देतो. कारागिराच्या दृष्टीने तो फार गुणी धातू आहे. पण वरचा सोन्याचा पापुद्रा अंगाला घासून जातो, आणि तो सगळ्यांत आधी जातो तो फाशापाशी, कानातल्याच्या दांडीवर आणि फिरकीच्या आतल्या बाजूला, म्हणजे नेमका जिथे दागिना कातडीला चिकटून असतो तिथे. दर्शनी बाजू वर्षभर पिवळीधमक राहते. म्हणूनच 'अजून रंगसुद्धा गेला नाही, मग बाधेल कसा' असा वाद घरात होतो.

निकेल हे नावच मुळी एका शिवीतून आले आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांबूस रंगाचे एक खनिज सापडे, तांबे म्हणून ते भट्टीत घालीत आणि तांबे काही निघत नसे. डोंगरातला खट्याळ भुताटा आपल्याला फसवतो अशी त्यांची समजूत, आणि त्या भुताचे नाव निकेल. १७५१ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट या शास्त्रज्ञाने त्या खनिजातून नवा धातू वेगळा केला आणि भुताचे नाव धातूला कायमचे चिकटले. भूत उतरविण्याचा आपल्याकडचा अनुभव दांडगा असला, तरी हे भूत निराळ्या जातीचे आहे, कारण ते घामाने जागे होते.

घामात मीठ असते आणि थोडे आम्ल असते. या खारट-आंबट पाण्यात निकेल अगदी सूक्ष्म प्रमाणात विरघळते. धातूचा कण जोवर दागिन्यात घट्ट आहे तोवर तो आपले काही करीत नाही. विरघळला की कातडीत शिरतो. तिथे तो शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि त्यांचे रूप बदलतो. मग आपल्या रक्तातल्या पहारेकरी पेशींना आपलेच प्रथिन परके दिसू लागते. पहिल्या भेटीत त्या काही करीत नाहीत, फक्त ओळख पक्की करून ठेवतात. एकदा ही नोंद झाली की ती बहुधा जन्मभर पुसली जात नाही. जुन्या सावकाराच्या वहीसारखे ते आहे. पुढे केव्हाही निकेल कातडीत शिरले की त्या पेशी धावून येतात, आणि त्यांच्या त्या धुमश्चक्रीलाच आपण खाज, लाली, पाणी सुटणे म्हणतो. वैद्यकाच्या भाषेत ही स्पर्शाने होणारी ॲलर्जी. मराठीत तिला 'वावडे' हा जुना आणि नेमका शब्द आहे, आणि परिणामी होणाऱ्या रोगाला 'इसब'. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्के नावाच्या डॉक्टराने १९०६ साली बनविला. वावडे आपल्या आज्यांना त्याच्याही आधी ठाऊक होते.

या व्यवहारात एक गोम आहे, आणि तिच्यामुळेच सारा घोटाळा होतो. पहारेकऱ्यांना धावून यायला वेळ लागतो. गांधीलमाशी चावली तर तत्क्षणी कळते. निकेलचे तसे नाही. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन. रविवारी लग्नात घातलेली कानातली त्याच रात्री काढून ठेवली, आणि खाज सुटली मंगळवारी. मंगळवारी त्या बाईने खाल्लेले असते वांगे. दोष वांग्यावर जातो. दुसरी गोम अशी की, वर्षानुवर्षे बिनतक्रार वापरलेला दागिना एक दिवस अचानक बाधू लागतो, कारण वहीतली नोंद तेव्हा पुरी झालेली असते किंवा मुलामा तेव्हा उडालेला असतो. 'इतकी वर्षं काही झालं नाही' हा पुरावा म्हणूनच कच्चा आहे.

आणि तिसरी गोष्ट आपल्या गावाची. पौषात जी साखळी मुकाट्याने गळ्यात राहते, तीच वैशाखात डसते. पुसदच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा गळ्याच्या घळीत, कानामागे, कमरेच्या गाठीखाली घाम साचलेला असतो; निकेल विरघळायला याहून चांगली जागा कोणती? उष्णतेने फोड आले असे जे म्हणतात त्यात निम्मे तथ्य आहे. उष्णता केवळ वाट करून देते. आत शिरणारा चोर दुसराच असतो.

रोग ओळखण्याची एक सोपी खूण सांगतो. निकेलचा इसब दागिन्याचे चित्र काढतो. कानात गोल, गळ्याभोवती रेघ, मनगटावर घड्याळाच्या मागच्या झाकणाएवढी चकती, आणि बेंबीखाली जीनच्या गुंडीएवढा वाटोळा चट्टा. हा चट्टा गोल असतो म्हणून त्याला नायटा समजतात. नायटा कडेने वाढत जातो आणि मधे निवळतो. हा गुंडीखालीच ठाण मांडून बसतो. पुरुषश्रोत्यांनी आता हसणे थांबवावे, कारण गुंडी आणि पट्ट्याचे बक्कल त्यांचेही असते. पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या सुमारे दहा ते पंधरा बायकांना निकेलचे वावडे आढळते आणि पुरुषांना त्याहून पुष्कळ कमी. यावरून बायकांची कातडी नाजूक असा निष्कर्ष काढू नये. कान त्यांनी टोचलेले असतात, हे त्याचे मुख्य कारण आहे. टोचलेल्या ताज्या जखमेत निकेलची दांडी घालणे म्हणजे चोराला दार उघडून आत नेऊन बसविणे. सोनारानेच कान टोचावे अशी आपली म्हण आहे. तिचा लौकिक अर्थ निराळा, पण शब्दशः घेतली तरी ती आरोग्याची म्हण आहे, कारण सोनार सोन्याच्या तारेने टोचत असे, आणि गरीब घरात भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घालीत. सोने आणि कडुनिंब, दोहोंतही निकेल नाही! आजचा दुकानातला टोचणारा पिस्तुलासारख्या यंत्राने कसली दांडी आत सारतो, हे मात्र आईबापांनी विचारले पाहिजे. पाच-सहा महिन्यांच्या मुलीचे कान टोचताना वाचविलेले चार पैसे तिला जन्मभराच्या वावड्याने फेडावे लागतात.

आता 'खरे' म्हणजे काय? इथे आपल्या समजुती जरा विसकटाव्या लागतील.

सोने घ्या. चोवीस कॅरट म्हणजे शुद्ध, आणि ते दागिन्याला फार मऊ. बावीस कॅरटात हजारात ९१६ भाग सोने, बाकीचे बहुधा तांबे व चांदी. आपल्याकडचे पिवळे बावीस कॅरट सोने जवळजवळ कोणालाच बाधत नाही. कमी कॅरटाचे सोने अंगाला लागते अशी जी समजूत आहे तिच्यात मात्र अर्थ नाही. जुन्या मंडळींना १९६३ सालचा सुवर्णनियंत्रणाचा काळ ठाऊक असेल. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते आणि चौदा कॅरटाहून अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सोनारांच्या घरांतल्या बागेसऱ्या विझल्या, कित्येकांनी धंदा सोडला. त्या जुलमाची हकीकत वेगळ्या व्याख्यानाची आहे. १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला. त्या वेळी बायका म्हणत की चौदा कॅरटाने अंगावर पुरळ येते. चौदा कॅरटात ५८५ भाग सोने आणि बाकी तांबे-चांदी असेल तर पुरळ येण्याचे कारण नाही. पण तेच सोने पांढरे करायचे असेल तर त्यात निकेल किंवा पॅलेडियम घालतात. निकेल घातलेले पांढरे सोने अठरा कॅरटाचे असले, हिरा जडविलेले असले, लाखाला घेतलेले असले, तरी ते आमच्या आजच्या अर्थाने खोटेच. वरचा ऱ्होडियमचा मुलामा झिजेपर्यंत ते लपून राहते इतकेच. पेढीवर विचारायचा प्रश्न 'किती कॅरट' एवढाच नाही. 'बाकीचे काय' हाही आहे. २३ जून २०२१ पासून देशातल्या अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची खूण येऊ लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. पण ती खूण सोने किती ते सांगते. बाकीचा हिस्सा कशाचा ते सांगत नाही.

जाता जाता केडीएमबद्दल. तो डाग लावण्यातला कॅडमियम. त्याच्या धुराने फुप्फुसे आणि मूत्रपिंडे जातात ती डाग लावणाऱ्या कारागिराची. दागिना घालणारीला त्याचे भय नाही, म्हणूनच त्याची पाटी दुकानावर अभिमानाने इतकी वर्षे लागू शकली.

चांदीची गोष्ट साधी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीच्या पैंजणांपासून तो आपल्या सोनारआळीतल्या जोडव्यांपर्यंत चांदीत कडकपणासाठी तांबे घालतात. चांदी काळी पडते ती हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने; तो मळ आहे, वावडे नव्हे. तसेच तांब्याच्या कड्याने मनगट हिरवे होते तो तांब्याचा क्षार आहे, साबणाने जातो. रंग उमटला म्हणून घाबरू नये आणि खाज सुटली तर नुसता रंग पाहत बसू नये. चांदीत गफलत होते ती नावाने. 'जर्मन सिल्व्हर' या धातूत चांदी नावालाही नाही. तांबे, जस्त आणि निकेल यांचे ते मिश्रण आहे, आणि ते पांढरे दिसते तेच मुळी निकेलमुळे. 'व्हाइट मेटल' आणि 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून जे विकले जाते त्याचीही परीक्षा केल्याशिवाय हमी घेऊ नये.

इथे आम्हांला पुसद परिसरातल्या बंजारा भगिनींबद्दल थोडे अधिक बोलावयाचे आहे. तांड्यावरच्या जुन्या बाईच्या अंगावरचे दागिने म्हणजे एक चालतेबोलते नाणेसंग्रहालय. केसांत घुगरी-टोपली, गळ्यात हासली, आणि चोळीवर, गळ्यात ओवलेली नाणी. नाणी ती हौसेने घालते असे आपण समजतो. आमच्या मते ती तिची पेढी होती, अंगावर वागविलेली. परंतु ती नाणी सारखी नाहीत. राणीछाप रुपया, किंवा त्यानंतरचा एडवर्डचा व पाचव्या जॉर्जचा, एक तोळा वजनाचा आणि बारा हिश्श्यांत अकरा हिस्से चांदीचा. तो कोणाला बाधत नाही. दुसऱ्या महायुद्धात चांदी महाग झाली तेव्हा १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. शंभरात पन्नास चांदी, चाळीस तांबे, पाच निकेल आणि पाच जस्त. १९४७ सालचा रुपया तर शुद्ध निकेलचा. १९४७ च्या त्या रुपयावर वाघ आहे. तो दिसायला सुंदर, पांढराशुभ्र, चांदीसारखा, आणि त्याला लोहचुंबक चिकटते. त्याआधीची कडांना नागमोडी असलेली एक आण्याची नाणीही तांबे-निकेलची. म्हणजे आजीची नाण्यांची माळ नातीच्या गळ्यात आली आणि नातीची मान चिघळली, तर नात शाळा शिकून नाजूक झाली असे म्हणण्याआधी माळेतल्या नाण्यांवरची साले वाचावीत. आजीच्या माळेत राणीछाप असतील आणि मोडून-ओवून पुढे वाघछाप आले असतील. माळ मोडण्याची गरज नाही. वाघछाप काढून वेगळे ठेवावेत. त्यांची जागा कपाटात.

आमच्या पूर्वजांनी, खरे म्हणजे पूर्वजांच्या बायकांनी, या बाबतीत नकळत फार शहाणपणा केला होता. चिंचपेटी आणि वज्रटीक ही गळ्याला घट्ट बसणारी. पण त्यांना मागून कापडाची गादी असे. धातू आणि घाम यांच्यात कापड आले. ठुशी आणि एकदाणी पटवेकरी दोऱ्यात गाठवून देत. मानेमागे येई तो गोंडा, धातूचा फासा नव्हे. काळे मणी काचेचे. बांगड्या काचेच्या नाहीतर लाखेच्या. काच, लाख आणि सूत, यांचे वावडे सहसा कोणाला ऐकिवात नाही. साखळी आणि फासा आले आणि पटवेकऱ्याचा धंदा बसला, तसा मानेमागचा चट्टा आला. हा काही इतिहास आम्ही सिद्ध करून दाखवू शकणार नाही; पण आपल्या माजघरातल्या जुन्या डब्या उघडून पाहा आणि मग ठरवा.

आता त्या दिग्रसच्या मुलीकडे येऊ. तिच्यासाठी काय केले? सोन्याची जाड साखळी घेण्याची ऐपत नव्हती आणि गरजही नव्हती. आपल्या वऱ्हाडात डोरले आहे. बावीस कॅरटाचे एक लहान डोरले आणि दोन मणी, आणि बाकी काचेची काळी पोत, सुती दोऱ्यात गाठवलेली, मागे गाठ. फासा नाहीच. तीन आठवड्यांत मान निवळली. पण दोन महिन्यांनी उजव्या छातीच्या वर पुन्हा चट्टा. सोने खोटे निघाले म्हणून सोनाराशी भांडण जुंपण्याची वेळ आली. सोनार बिचारा पापभीरू. त्याने सर्वांसमक्ष कस लावून दाखविला. मग लक्षात आले. आपल्याकडे बायका मंगळसूत्रात काय अडकवून ठेवतात? सेफ्टी पिना! पदराला लागली, चप्पल तुटली, मुलाचे बटन गेले, की हाताशी असावी म्हणून तीन-चार पिना त्या पोतीत होत्या. पिना पोलादाच्या, वर निकेलची चकाकी. सोन्याला दोष लागला आणि गुन्हेगार आठ आण्याची पीन. भगिनींनी घरी गेल्यावर पहिली गोष्ट ही पाहावी: बांगडीत, पोतीत, पिना आहेत काय.

स्टेनलेस स्टीलबद्दल हमखास प्रश्न येतो, म्हणून आधीच सांगतो. चांगल्या स्टेनलेस पोलादात शंभरात आठ ते चौदा भाग निकेल असते, म्हणजे युद्धकाळातल्या त्या रुपयाहून जास्त. तरी ते बहुतेकांना बाधत नाही. कारण त्यात क्रोमियमही असते आणि पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे अदृश्य कवच धरते. निकेल आत कोंडले जाते. यातच साऱ्या विषयाचे मर्म आहे. धातूत निकेल किती, यापेक्षा घामात सुटते किती हा खरा प्रश्न. युरोपातल्या कायद्याने हेच धरले. १९९० साली डेन्मार्कने प्रथम निर्बंध घातला. १९९४ साली युरोपीय संघाने नियम केला आणि २००० च्या सुमारास तो अंमलात आला. कातडीला लागून राहणाऱ्या वस्तूतून दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. टोचलेल्या भोकात घालायच्या दांडीला मर्यादा याहून कडक. अर्धा मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. डेन्मार्कमध्ये नियमानंतर ज्या मुलींचे कान टोचले गेले त्यांच्यात वावडे कमी आढळले. त्या मुलींची कातडी बदलली नव्हती, बाजार बदलला होता.

ज्यांना काहीच चालत नाही असे वाटते, त्यांच्यासाठी टायटेनियम आणि नायोबियम आहेत. टायटेनियमवर आपोआप ऑक्साइडचे असे घट्ट कवच येते की मोडलेल्या हाडात त्याचे खिळे घालतात आणि शरीर कुरकुर करीत नाही. हा धातू परक्या लोकांचा असे समजू नका. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीत जे इल्मेनाइट आहे, ते टायटेनियमचेच खनिज. दिसायला तो करडा, आणि सोनाराच्या भट्टीत वळत नाही, म्हणून आपल्या पेढीवर तो सहज मिळणार नाही. कानाच्या दांडीपुरता मागवून घ्यावा. वरचे फूल हवे ते असो.

मात्र पाकिटावर 'हायपोॲलर्जेनिक' असे छापलेले पाहून निर्धास्त होऊ नये. हा शब्द सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून आला. 'कमी बाधणारे' एवढाच त्याचा अर्थ. कशापेक्षा कमी, ते सांगितलेले नसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली प्रसाधनांपुरता त्याला पुराव्याचा नियम लावून पाहिला, आणि १९७७ साली तिथल्या न्यायालयाने तो नियम रद्द केला. त्या शब्दाऐवजी धातूचे नाव विचारावे. दुकानदाराला धातूचे नाव सांगता आले नाही तर तो माल कानात घालू नये.

औषधाविषयी थोडेच बोलतो, कारण ते डॉक्टरांचे क्षेत्र. औषधाच्या दुकानातून नाव न विचारता आणलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. ते लाली दाबते, कारण काढीत नाही. महिनोन्‌महिने चोळले तर कातडी पातळ होते, आणि खरोखरीचा नायटा असेल तर तो माजतो. चट्टा वारंवार येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडून पाठीवरची चिकटपट्टीची परीक्षा करून घ्यावी. यादासोन या डॉक्टराने १८९५ साली ग्रात्स येथे ती दाखविली. संशयित पदार्थ चिकटपट्टीखाली पाठीवर दोन दिवस ठेवायचे, काढून पाहायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. दुखत नाही, फक्त चार दिवस पाठीला पाणी लावायचे नाही. पुसदच्या उन्हाळ्यात हीच काय ती शिक्षा. कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडत असेल तर तो मात्र धातूचा नव्हे; तो टिकलीमागच्या डिंकातल्या रसायनाचा, आणि टिकली ताबडतोब बंद केली पाहिजे. कुंकवाची सवय असलेल्यांनी आनंद मानू नये, बाजारी कुंकवातले रंगही बाधतात. आणि निकेल डाळीत व दाण्यांतही असते असे कोणी वाचून आले असेल, तर ते खरे आहे. पण कानाच्या खाजेसाठी घरातली तूरडाळ बंद करू नये. क्वचित एखाद्या हट्टी इसबात डॉक्टर तसे सांगतात, तेव्हाचे तेव्हा.

मुलाम्याचा दागिना घालायचाच असेल, लग्नकार्यात तो घातला जाणारच, तर दोन-तीन तासांत काढावा, घाम पुसावा, आणि फाशावर व दांडीवर बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्यावा. तो काही दिवस टिकतो आणि मग पुन्हा द्यावा लागतो. दारिद्र्यातला उपाय आहे, पण उपाय आहे.

आता या टेबलावरच्या दोन बाटल्या. एकीत डायमिथिल ग्लायऑक्झिम नावाच्या पांढऱ्या भुकटीचे मद्यार्कातले द्रावण आहे. दुसरीत पातळ अमोनिया. चुगाएव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९०५ साली ही युक्ती शोधली. कापसाच्या बोळ्यावर दोन्हींचे दोन-दोन थेंब घ्यायचे आणि दागिना अर्धा मिनिट घासायचा. बोळा गुलाबी झाला की निकेल सुटते आहे. हा पाहा, १९४७ चा वाघछाप रुपया. बोळा डाळिंबी झाला. ही मेळ्यातली झुमक्यांची दांडी, गुलाबी. हे बावीस कॅरटाचे डोरले, बोळा जसाच्या तसा. ही त्याच डोरल्याच्या पोतीतून काढलेली सेफ्टी पीन. मागच्या रांगेतल्यांनाही रंग दिसत असेल. हे चुंबक मी आणले आहे ते मुद्दाम तुमची फसगत दाखवायला: ते या जर्मन सिल्व्हरच्या वाटीला चिकटत नाही, आणि बोळा मात्र गुलाबी होतो. चुंबकाने निकेल कळते असे जे सांगतात त्यांनी एवढे पाहून जावे. खऱ्या सोन्याला या द्रावणाने काही होत नाही, रंग जात नाही, वजन घटत नाही.

कापूस भरपूर आणला आहे. कापसाला या जिल्ह्यात तोटा नाही. सभा संपल्यावर ज्या भगिनींना आपली फिरकी, फासा किंवा पीन पाहून घ्यायची असेल त्यांनी डाव्या बाजूने यावे. गळ्यातले काढायची गरज नाही, बोळा तिथल्या तिथे लावता येतो. फक्त कातडी चिघळलेली असेल तिथे अमोनिया झोंबेल, तेव्हा अशा ठिकाणचा दागिना उतरवून द्यावा. आणि पुरुषांनी आपले घड्याळ व पट्ट्याचे बक्कल आणावे. रांग एकच राहील.